नूपुर शुद्धीवर येताना

उदय परांजपे विमा कंपनीत मोठे अधिकारी. बदली होऊन पुण्याहून बालीगंजला आल्यापासून कोलकात्यातल्या कुणाचंही बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. पाच वर्षांच्या लेकीचे, नूपुरचे टॉन्सिल्स काढायचे ठरले, तेव्हा भूलतज्ज्ञ डॉ. सान्याल यांचंही नाही.

डॉक्टरबाई शांतपणे हिंदीत समजावत होत्या, “या वयाची मुलं भुलीतून उठताना कधी कधी बिथरतात. हातपाय झाडतात, आईलासुद्धा ओळखत नाहीत. ते टाळायला मी औषध देणार आहे. पण खोलीत शांतता हवी. जवळ एकच माणूस. हाका मारून उठवायचं नाही, तिची ती उठू दे.”

“मॅडम, मी यावर सगळं वाचलंय. आपली माणसं दिसली की मुलं घाबरत नाहीत.”

“एकच माणूस,” बाई पुन्हा म्हणाल्या.

“मी थांबते,” उदयरावांची बायको अश्विनी म्हणाली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. अश्विनी नूपुरच्या उशाशी बसली, नर्सनं दिवा मंद केला. नूपुरनं डोळे किलकिले केले, आईचं बोट धरलं आणि पुन्हा झोपली. बाहेर काचेतून हे बघताना उदयराव बेचैन झाले. आपल्यावाचून सगळं नीट चाललंय म्हणजे नक्की काहीतरी चुकतंय, अशी त्यांची नोकरीतली जुनी समजूत होती.

ते दार ढकलून आत घुसले. एका हातात फुग्यांचा घोस, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर पुण्याचे आजी-आजोबा, नागपूरची आत्या.

“नूपु! बाबा आले बघ! ऊठ, ऊठ! ही बोटं किती, सांग बरं?”

“अरे, अंधार आहे, काही दिसत नाही,” फोनमधून आत्या ओरडली. उदयरावांनी मोठा दिवा लावला.

नूपुर उठली ती किंचाळतच. फोनला लाथ बसली, सलाइनची सुई निघाली, चादरीवर रक्त सांडलं.

“काय औषध दिलंत हिला?” उदयराव तिच्याहून मोठ्यानं ओरडू लागले. “मुलगी बापाला ओळखत नाहीये! कोण आहे इथला इन्चार्ज?”

डॉ. सान्याल धावत आल्या. दिवा मालवला आणि उदयरावांना दंडाला धरून बाहेर काढलं.

“औषध मुलीच्या वजनाप्रमाणे दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुमचंही वजन विचारायला हवं होतं.”

आत अश्विनी लेकीला छातीशी धरून बसली. बऱ्याच वेळानं नूपुर निवली. तोवर उदयरावांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहूनही टाकलं होतं, ‘मुलांना भूल देताना पालकांनी दक्ष असावं. मी ऐनवेळी आत शिरलो म्हणून थोडक्यात निभावलं.’ खाली कौतुकाचे अंगठे पडत होते.

सकाळी घरी सोडताना त्यांनी गंभीरपणे विचारलं, “डॉक्टर, या धक्क्याचा हिच्यावर काही परिणाम?”

“काळजी नको. मुलांना बहुतेक यातलं काही आठवत नाही.”

उदयरावांचा जीव भांड्यात पडला.

“मला आठवेल,” अश्विनी म्हणाली आणि नूपुरला कडेवर घेऊन लिफ्टकडे निघाली.