कोमट पाणी

पहिला नंबर माझाच, हे मी प्रवेश घेतला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. कृत्रिम पाय बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गात इनमीन चार जण, आणि जो पहिला येईल त्याला त्याच कार्यशाळेत कायमची नोकरी. चौघांत पहिलं येण्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, पदरात दोन मुली होत्या आणि आधीच्या कारखान्याला टाळं लागलं होतं.

आमच्या सरांना आम्ही पाठीमागे ‘हळूसर’ म्हणायचो. दिवसभरात ते पन्नास शब्द बोलत असतील, तर त्यातले वीस ‘हळू’ असायचे. खिडकीत त्यांची बुद्धाची वीतभर मूर्ती होती आणि तिच्या नाकावर कायम प्लास्टरची धूळ. ‘एवढ्या धुळीत बुद्धालाही शिंक येईल,’ असं मी एकदा म्हणाले. सर मनापासून हसले आणि त्यांनी फडकं माझ्याच हातात दिलं.

त्यांचा एक नियम होता. प्लास्टरच्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून माणसाच्या उरलेल्या पायाभोवती गुंडाळायच्या, त्या मापावरून पायाचा प्लास्टरचा साचा घडवायचा, त्या साच्यावर सॉकेट तयार करायचं, म्हणजे ज्यात पाय बसतो ती खोलगट वाटी. पण साच्याला कानस लावण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून त्यावर नुसते तळवे ठेवायचे आणि ज्याचा पाय आहे तो सुखी होवो, एवढंच मनात म्हणायचं. कामाच्या कार्डावर सगळ्यात वर एक प्रश्नही असायचा: कशासाठी चालायचंय?

माझ्या शेजारच्या टेबलावर स्केल बसायचा. खिशात सदानकदा पट्टी, म्हणून त्याचं नाव स्केल. तो ती पाच मिनिटं अगदी मन लावून बसायचा. मी डोळे मिटून दिवसभराच्या कामांची उजळणी करायचे आणि एक डोळा किलकिला करून घड्याळ बघायचे.

शेवटच्या परीक्षेसाठी माझ्या वाट्याला पाववाल्या मावशी आल्या. बेकरीच्या भट्टीसमोर त्यांची बावीस वर्षं गेली होती. आजारपणात एक पाय गुडघ्याखालून गेला, आणि मालकाने त्यांची जागा येत्या सोमवारपर्यंतच राखून ठेवली होती. कार्डावरच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं, ‘चालायचं फारसं नाही गं. उभं राहायचंय.’

आमच्या कामात एक चूक अशी आहे, की ती ज्याच्या हाताला सफाई आली आहे त्याच्याकडूनच होते. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा असतो. साच्यावर त्या जागी आणखी प्लास्टर चढवायचं, म्हणजे सॉकेटमध्ये तिथे मोकळीक राहते आणि हाड दाबलं जात नाही. मावशींच्या साच्यावरचा तो उंचवटा मला प्लास्टरचा फुगवटा वाटला. मी कानशीने घासून तो गुळगुळीत करून टाकला. हात ठेवून बसले असते तर बोटांना कळलं असतं. पण त्या दिवशी मी ती पाच मिनिटं वाचवली होती.

शुक्रवारी सकाळी परीक्षकबाई आल्या. सॉकेट उजेडात फिरवून म्हणाल्या, ‘काय सुरेख फिनिशिंग आहे.’ मी हवेत. मग मावशी पाय घालून दोन दांड्यांच्या मधून चालू लागल्या. चार पावलं झाली असतील, तेवढ्यात सर खोलीतून निघून गेले. मला राग आला. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं असं कौतुक होत होतं आणि यांना नेमकं बाहेरचं काम आठवलं.

‘कसं वाटतंय, मावशी?’ परीक्षकबाईंनी विचारलं.

‘छानच आहे हो. पोरीने जीव ओतून केलंय.’

मावशी हसत होत्या, पण दांडी त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. वरच्या ओठावर घाम होता. मला तो घासून टाकलेला उंचवटा आठवला.

खरं सांगते, मी लगेच बोलले नाही. बाईंचं पेन गुणांच्या रकान्यावर टेकलं होतं. दुखलं तर मावशी पुन्हा येतील, मग करू दुरुस्त, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. तेवढ्यात मावशींनी एक हात सोडून माझा हात धरला. ‘तुझे उपकार कसे फेडू गं?’ असं म्हणून हळूच कानाशी पुटपुटल्या, ‘पहिला नंबर येऊ दे तुझा.’

दुखणं त्या माझ्यासाठी लपवत होत्या. जे मला डोळे मिटून पाच मिनिटं जमलं नव्हतं, ते त्या ठणकत्या पायावर उभ्या राहून करत होत्या.

‘मावशी, बसा,’ मी म्हणाले. ‘बाई, हे सॉकेट चुकलंय. हाड दाबलं जातंय. मीच उंचवटा घासून टाकलाय.’

‘हे तुम्हाला आत्ता कळलं?’

‘दोन मिनिटं झाली कळून.’

सॉकेट काढलं तर कातडी लालभडक झाली होती. बाईंनी मला सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं. मी मान खाली घालून उभी होते, तेव्हा दार उघडलं. सर एका हातात बादली आणि काखेत प्लास्टरच्या पट्ट्या घेऊन आत आले.

‘नवीन माप घेऊ,’ ते म्हणाले. ‘पाणी कोमट आहे. हळू.’

शनिवारी सकाळी मी कार्यशाळेत पोहोचले तर स्केल आधीच हजर. आता पहिला तोच येणार होता. ‘तू कशाला आलास?’ मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं. ‘मावशींचा सोमवार आहे ना,’ तो म्हणाला आणि कामाला लागला. त्या दिवशी मी साच्यावर हात ठेवले ते बराच वेळ उचललेच नाहीत. रविवारी दुपारी मावशी दांडी न धरता उभ्या राहिल्या. सोमवारी त्या भट्टीपुढे होत्या.

नोकरी स्केलला मिळाली. निकाल कळला तेव्हा मी घरी जाऊन रडले. सहा महिन्यांनी पास झाले, दुसरीकडे काम मिळालं, आणि आता मीही शिकवते.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले, तेव्हा भेटायला गेले. बारा वर्षं मनात असलेलं एकदाचं बोलून टाकलं. ‘सर, मी तोंड उघडण्याआधीच तुम्ही पाणी तापवायला गेला होता. मी खरं बोलेन याची तुम्हाला खात्री होती. त्या विश्वासावर मी आजवर काम केलंय. तुमचे आभार कसे मानू?’

सर जरा अवघडले. ‘तू बोलली नसतीस तर मी बोललो असतो.’

‘मग पाणी?’

‘मावशींचं चौथं पाऊल आखूड पडलं. पाय दुखत होता त्यांचा. म्हणून तापवलं.’ मग ते ओशाळल्यासारखे म्हणाले, ‘तुझा विचार तेव्हा मनात आलाच नाही, खरं तर.’

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बारा वर्षं मी त्या बादलीत माझंच तोंड बघत बसले होते. सरांना मी वाकून नमस्कार केला आणि या वेळी आभार बरोबर जागी पोहोचले.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे एक आजोबा मापासाठी येणार होते. मी विद्यार्थ्यांच्या आधी पोहोचले आणि पाणी तापत ठेवलं.