चार सेकंद जास्त

मित्रांनो, खोल पाण्याच्या तळाशी निळी झाक दिसते ना, ती माझी. मी कोबाल्टची एक जुनी कांडी, पोलादी अंगरखा घातलेली. पाणी माझे किरण अडवतं, म्हणून मी पाण्यात असते तोवर माणसं काठावर उभी राहून खुशाल गप्पा मारतात. मग ती बाहेर जातात, जाडजूड दार लागतं आणि मला बहिणींसकट वर उचलतात.

तेव्हा रुळाला टांगलेल्या पेट्या संथ झुलत येतात. त्यांच्या पोटात, सीलबंद पाकिटांत, ऑपरेशन करून बसवायचा कुणाचा कृत्रिम गुडघा, कुणाचा खुबा निजलेला असतो. माझे किरण पाकीट न उघडता आत शिरतात, दडलेले जंतू मारतात आणि मागे काही न ठेवता निघून जातात. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करून आई जाते ना, तसे.

तरुणपणी माझ्यापुढून पेट्या भराभर सरकायच्या. पाहुणे म्हणायचे, "काय तेज आहे!" पण ते तेज कणाकणानं विझतं. म्हणून आमचे यंत्र चालवणारे मास्तर दर महिन्याला पेटीचा माझ्यापाशी थांबायचा वेळ चार सेकंदांनी वाढवतात.

एकदा ते विसरले. त्यांच्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्या धावपळीत. आणि नेमका ताईच्या मापाचा गुडघा त्याच खेपेत होता.

काठावर मदतनीस बाई म्हणाल्या, "मास्तर, पेटीवरचा पिवळा ठिपका लाल झालाय की! द्या पाठवून. परवा ऑपरेशन ना?"

"ठिपका एवढंच सांगतो, की पेटी आत जाऊन आली. किरण पुरेसे मिळाले का, ते मोजायची चकती सांगते. तिचा आकडा कमी भरतोय."

"थोडासाच हो!"

"त्या थोड्यात एखादा जंतू तगला तर? चूक माझी, बाई. ती ताईच्या हाडात कशाला पाठवू?"

"ताई काय म्हणतील?"

"म्हणतेय कसली! सोलून काढेल मला."

खेप बाद झाली. ऑपरेशन दहा दिवस लांबलं. दुसऱ्या दिवशी मास्तर काठावर येऊन सांगू लागले, "ताई म्हणते, 'मेल्या, शाळेलासुद्धा तुझ्यापायीच उशीर व्हायचा मला!'" हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

ताईच्या मापाचा दुसरा गुडघा घेऊन नवी पेटी आली. माझ्यापाशी पुरेपूर थांबली. मीही होतं नव्हतं ते सगळं तिला दिलं.

परवा मास्तर पाण्यात डोकावून म्हणाले, "अगं, ताई काल जिना चढली. माझ्याआधी वर!" पाणी जरा जास्तच निळं झाल्यासारखं मला वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी थकलेलं असेल. देवानं त्यांच्या ओंजळीत घातलेलं अजून संपलेलं नसतं, फक्त हळूहळू देता येतं. त्यांच्यापाशी चार सेकंद जास्त थांबा.