बिब्बा कुटत नाहीत

१९६३च्या शिमग्याला मी मुंबईहून उमरठला, आमच्या गावी, गेलो तो उजव्या हाताला फडकं बांधून. अझाइड नावाचा पदार्थ मी बनवत होतो. तो कोरडा असताना घासला तर फुटतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण अवरक्त किरणांच्या यंत्रात तपासायचा तर आमच्या प्रयोगशाळेत कुठलाही पदार्थ सुकवून, मिठासारख्या भुकटीत घोटून त्याची टिकली करत. मीही घोटला. खलाच्या ठिकऱ्या उडाल्या आणि दोन बोटं फाटली. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणाही शिकलेलाच असतो.

आईने, बनुबाईने, जखमा बघितल्या आणि म्हणाली, "ह्यापरीस नांगर बरा. आता परत नाय जायचं."

माझी दोन वर्षांची मेहनत त्या एका तपासणीवर अडली होती. मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी शेजारची साळूबाई खोकत आली. आईने बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला. त्याचं तेल थेंबाथेंबाने खालच्या दुधात उतरू लागलं.

"कुटून का नाय घालत?" मी विचारलं.

"कुटला तर अंगावर उडतो, फोड येतात. दुधात उतरला की गरीब होतो." मग माझ्या हाताकडे बघून ती म्हणाली, "तुला येवढं शिकून कळलं नाय व्हय?"

मला लाज वाटली आणि हसूही आलं. मी म्हणालो, "आई, आता सुकवणार नाय, कुटणार नाय. पातळच ठेवीन."

तिने ते दूध साळूबाईला दिलं. "येक डाव जा. आनखी बोट फाटलं तर उंबऱ्याच्या भायेर पाय नाय."

मुंबईत मी चिमूटभरच अझाइड केलं, तेही बर्फात भांडं ठेवून. ते द्रावणातच ठेवलं आणि तसंच यंत्रात घातलं. कागदावर यंत्राची लेखणी सरळ जात होती. एकवीसशेच्या आकड्याजवळ तिने खोल बुडी मारली. अझाइडची खूण तीच. मी आनंदाने तो कागद यंत्रातून काढून घेतला.

गणपतीला तो कागद घेऊन पोलादपूरहून चालत घर गाठलं. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी कागद पुढे केला. तिने तो बाजूला सारला, माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि एकेक बोट दाबून बघितलं. वण असलेली दोन तिने पुन्हा दाबली.

"धाच्या धा हायत," ती म्हणाली. "आता दाव तुझा कागद."