दांड्यावरचा नारळ

दहा वेळा सांगूनही ज्याच्या डोक्यात शिरत नाही, त्यानं ज्योत्स्नाबाईंचा व्हिडिओ पाहावा, असं चंद्रपूरकडची पोरं म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. बाई दिवसभर मुलांना फिटरचं काम शिकवायच्या आणि घरी आल्या की तेच मोबाइलवर साऱ्या दुनियेला. पंप, गिअर, कप्पी, काय वाट्टेल ते. औंदा त्यांनी व्हिडिओसाठी बॉयलरचा विषय घ्यायचा ठरवला आणि दसऱ्याला थेट चामोर्शीकडची खुशालभाऊंची राइस मिल गाठली. तिथे भुसा जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर धान उकडतात.

आज दुपारी बाई तोच व्हिडिओ कापायला बसल्या होत्या. पडद्यावर बॉयलर होता, थंडगार, झेंडूनं मढवलेला. दसऱ्याला यंत्र चालवायचं नाही, त्याला फक्त हळदीकुंकू वाहायचं. पडद्यावरच्या बाई बोटानं दाखवत होत्या, ‘हा सेफ्टी व्हॉल्व्ह. वर हा लांब लोखंडी दांडा, टोकाला वजन. वाफ फार झाली की ती दांडा उचलते आणि शिटी मारत बाहेर पडते. नाही पडली तर बॉयलर फुटतो. म्हणून वजन ठरलेलं असतं. दांड्याच्या टोकाशी थोडंसं जरी वाढलं, तरी खाली त्याचं कितीतरी होतं.’

वा, काय सोपं करून सांगितलंय! बाई स्वतःवरच खूश झाल्या आणि त्यांनी पुढे सरकवलं. पुढे सत्कार होता. मिलची रीत अशी, की दसऱ्याला आलेल्या पाहुण्यानं लाल फडक्यात नारळ बांधून यंत्राला लटकवायचा. आणि लटकवता येईल असं बाहेर आलेलं एकच ठिकाण होतं. पडद्यावरच्या बाईंनी हसत हसत टाचा उंचावल्या आणि त्याच दांड्याच्या टोकाला नारळ बांधला. मिलवर कामाला असलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. झेंडूच्या आड आधीची गाठोडीही दिसत होती, दरवर्षीचं एक. वाहिलेलं सोडायची हिंमत कोण करणार?

बाईंनी व्हिडिओ थांबवला आणि मोबाइल उचलला. ‘अगं बाई, हे काय केलं मी!’

फोन लागला. मागे मिलचा धडधडाट.

‘खुशालभाऊ, भट्टी पेटवली का?’

‘सकाळीच, मॅडम! नवं धान आलं ना. अन् तुमच्या हाताले काय गुण हाये जी! दरवर्षी तो वॉल शिट्या मारून मारून वाफ वाया घालवे. औंदा तोंडच नाई उघडलं त्यानं. कसा गपचूप बसून हाये!’

‘भाऊ, भट्टी विझवा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना बाहेर काढा.’

‘काऊन जी?’

‘त्या नारळांनी दांडा दाबून धरलाय. वाफ आत कोंडतेय!’

‘मजाक करता का, मॅडम? नारळानं कुठी बॉयलर अडते?’ खुशालभाऊ खो खो हसले. ‘थांबा, व्हिडिओ कॉल लावतो. पाहा तुमीच.’

भट्टीच्या तोंडाशी खुशालभाऊंची बायको साधना घमेल्यानं भुसा लोटत होती. तिच्या मागे बाया डबे उघडून बसल्या होत्या. वर तो दांडा, जरासुद्धा न हलणारा. दाब दाखवणाऱ्या तबकडीच्या काचेवर दसऱ्याचं कुंकू थापलेलं.

‘ते कुंकू पुसा, भाऊ.’

‘पूजेचं कसं पुसू, मॅडम...’

‘पुसा म्हणते ना!’

अंगठा काचेवरून फिरला. काटा लाल रेघ ओलांडून पार शेवटाला टेकला होता. खुशालभाऊंचं हसू तिथंच जिरलं.

‘साधने! सोड ते! पळा समद्या, बाहेर पळा!’

फोन भुशाच्या पोत्यावर टेकवलेला राहिला. बाईंना आता फक्त दांडा दिसत होता आणि त्याची लाल गाठोडी. घमेलं पडल्याचा आवाज झाला, बायांचा कल्ला झाला, मग तोही लांब गेला. सुटल्या एकदाच्या, म्हणून बाईंनी श्वास सोडला.

आणि खुशालभाऊ परत आत आले. अनवाणी. यंत्राजवळ चपला घालून जायचं नाही, ही त्यांच्या बापानं लावलेली शिस्त. तेवढ्या घाईतही त्यांनी त्या दाराशी काढल्या होत्या. नारळांमुळे झालं, तर नारळ उतरवले की झालं, असं साधं गणित त्यांनी मांडलं होतं. वाहिलेलं उतरवायचं म्हणून त्यांनी आधी हात जोडले, डोळे मिटले. इतकी कोंडलेली वाफ एकदम मोकळी केली की बॉयलरच उडू शकतो, तेव्हा दांड्याला हात न लावता लांब पळायचं, हे बाईंनी व्हिडिओत पुढे नीट सांगितलं होतं. तो व्हिडिओ अजून कुणी पाहिलाच नव्हता, आणि फोनवर ते सांगायचं राहून गेलं होतं.

‘भाऊ, हात लावू नका! मागे व्हा! भाऊ!’ बाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या. त्या धडधडाटात पोत्यावरच्या फोनचं कोण ऐकतंय! खुशालभाऊंनी टाचा उंचावल्या आणि सगळ्यात नव्या गाठीला हात घातला.

पडदा काळा झाला.

बाई फोन लावत राहिल्या. लागेना. मग साधनाचाच फोन आला. ती धापा टाकत होती, मागे बायांची रडारड चालली होती.

‘मॅडम, आमी समद्या बाहेर हाओ. धूरच धूर हाये इथी, काई दिसून नाई राह्यलं. हे तुमच्यासंगच बोलून राह्यले होते ना? मंग सांगा ना जी, हे कुठी हाये?’