लाल काच आणि हिरव्या बांगड्या

मी एक जुना लाल फिल्टर आहे. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवायची, तळहाताहून लहान काच. मित्रांनो, माझी कीव करू नका. कीव करावी अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यातला एक बोईसरला राहतो.

समुद्रात खोल गेलं की पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. लाल मासाही तिथे राखाडी दिसतो. मी निळ्या-हिरव्या उजेडाला थोडं अडवतो, मग उरलासुरला लाल नजरेला पडतो. पाण्यानं चोरलेलं परत द्यायचं, एवढंच माझं काम. समुद्रात बुडी मारून फोटो काढणाऱ्या मेघालीनं लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात सहा वर्षं माझ्याकडून ते करून घेतलं. वर आली की ती मला गोड्या पाण्यानं धुवायची, मऊ फडक्यानं पुसायची. तिनं नवा कॅमेरा घेतला, त्याला मी बसेना. मग मी हर्षितच्या हाती पडलो. माकडाच्या हाती कोलीत!

हाच तो बोईसरचा, लग्नाचे व्हिडिओ काढणारा. पहिल्याच दिवशी त्यानं मला सातपाटीच्या खाडीत बुडवलं. चिखल दिसला, तर म्हणे फिल्टर भिकार. गढूळ पाण्यात मी काय दाखवणार, कपाळ? पण बंदरावर उन्हात मी चुकून कॅमेऱ्यावर राहिलो आणि सगळं लालसर दिसलं. तेव्हा त्या दीडशहाण्याला अक्कल सुचली.

तो काशीबाईकडे गेला. चाळीस वर्षं मासळी विकणारी बाई, तिचा शब्द म्हणजे ताजेपणाची खूण. "काकी, शिळा मासा कसा ओळखायचा ते लोकांना दाखवा ना." भोळ्या बाईनं तीन दिवसांच्या रावसाचा कल्ला अंगठ्यानं उघडला. "बगा, कल्ला फिका पडलाय. असा मासा घेव नका." हर्षितनं तिचा आवाज कापला आणि खाली लिहिलं, 'काशीबाईंचा ताजा रावस, घरपोच', आणि शिळा माल स्वतःच विकू लागला. फिका कल्ला लालभडक दिसत होता. तो मीच केला होता, हे सांगताना मला माझीच किळस येते.

आणि गिऱ्हाइकं! वास नाही, स्पर्श नाही, फोन पाहून मासा घेणारी.

चौथ्या दिवशी तारापूरच्या कॉलनीतल्या चारुताबाई पिशवी घेऊन आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. "काशीबाई, तुमच्या नावावर डोळे मिटून घेतला. घरभर वास सुटला."

काशीबाईचा चेहरा उतरला. तिनं चारुताबाईंच्या फोनवर व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "बाय, हात माजाच हाय. पन बांगड्या? माज्या हिरव्यागार बांगड्या अशा मातकट कशा?"

हातच्या कंकणाला आरसा कशाला? ती तडक बंदरावर गेली. हर्षित तिथे दुसऱ्या माशाचा व्हिडिओ काढत होता. भिंगापुढे लाल काच दिसताच तिनं मला फिरवून कॅमेऱ्यावरून काढलं आणि आपल्या मनगटावर धरलं. हिरवा रंग मेला. मला बाजूला केलं, जिवंत झाला.

"काकी, सगळेच असं करतात," हर्षित पुटपुटला.

"सगल्यांचं मला नाय ठावं. माजं नाव तू नासवलंस. तसलाच शिला रावस आन. आता, हितंच. आन मी बोलन ते कापू नकोस."

त्यानं नवा व्हिडिओ काढला. कल्ला फिका दिसला, बांगड्या हिरव्या दिसल्या, आणि काशीबाई म्हणाली, "तो रावस शिला होता. ज्यांनी घेतला त्यांनी ह्या हर्षितकडं पैसं मागा." चारुताबाईंनी त्याच दुपारी तिच्याकडून ताजे बोंबील घेतले, कल्ला उघडून न पाहता.

काशीबाईनं मला हर्षितला परत दिलं नाही; आता मी तिच्या मिठाच्या डब्यात आहे. ओरखडे पडले आहेत, कड गंजली आहे. मित्रांनो, मला जपायचं तर मऊ फडक्यानं पुसा आणि खोल, नितळ पाण्यात न्या. तिथे मी खरं बोलतो. कोरड्या जमिनीवर मला कुणी डोळ्यापुढे धरलं, तर आधी आपल्या हाताकडे बघा.