घराण्याचा सारस

निवृत्त झाल्यावर मयूर विहारच्या बाकीच्या बायका भजनी मंडळात गेल्या आणि भानुमतीबाई गेल्या दत्तात्रय सरांकडे, जपानी चित्रकला शिकायला. सर क्योटोत शिकून आलेले, कानो घराण्याचे. या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपानी सरदारांच्या महालांतले पडदे रंगवले, ते एकाच नियमावर: गुरूचं चित्र गिरवायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. बाईंनी वर्षानुवर्षं सरांचा एकच, एका पायावर उभा सारस गिरवला. एकदा त्याची मान जराशी वळवली, तर सरांनी कागद टराटरा फाडला होता.

आज मात्र कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं आणि बाईंचं चित्र पहिल्यांदा त्यांच्या नावाने लागणार होतं. कॉलेजात जाणाऱ्या नातीला, सलोनीला, त्यांनी हट्टाने सोबत आणलं.

भिंतीवर शेजारी शेजारी दोन सारस होते. खाली ना सही, ना शिक्का.

"एक माझा, एक तुमचा," सर म्हणाले. "तुमचा ओळखा. त्याखाली तुमचं नाव लावतो."

"आजी, ये तो ईझी है यार," सलोनी कुजबुजली.

बाईंना हसूच आलं. आईला आपलं लेकरू ओळखायला वेळ लागतो होय? त्यांनी बेधडक डावीकडे बोट दाखवलं.

"तो माझा," सर म्हणाले. "क्योटोत असताना काढलेला."

बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. दोन्ही सारसांत तसूभर फरक सापडेना.

सर तर हरखून गेले होते. "अहो, पास झालात तुम्ही! शिष्याचा हात वेगळा ओळखू येऊ नये, यासाठीच तर घराणं असतं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उजवीकडच्या चित्राखाली बाईंच्या नावाची पट्टी लागली, पण त्या दोन्ही सारसांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग माझा हात गेला कुठे?

घरी आल्या आल्या, साडीही न बदलता, त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"काय काढू गं?"

"बाल्कनीतलं ते कबूतर काढ ना."

कठड्यावर एक कबूतर अंग फुगवून बसलं होतं, चांगलं गलेलठ्ठ, आखूड मानेचं. बाईंनी त्याच्यावरची नजर न हलवता कुंचला चालवला. काढून झाल्यावर सलोनी कागदावर वाकली.

"अच्छा... पण आजी, याची मान इतकी लांब का?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. कागदावरचं कबूतर एका पायावर उभं होतं.