सगुणाबाईंची जागा

भोकरदनच्या शाळेच्या मैदानाला एका बाजूने दगडी पायऱ्या आहेत. त्यातल्या तिसऱ्या पायरीवरची, झेंड्याच्या खांबाजवळची जागा सगुणाबाईंची. नवखा कुणी तिथे टेकलाच, तर बोरसावंगीची माणसं त्याला उठवत. बाई नाणेफेकीच्या आधी बसत आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत उठत नसत. एकदा बाजारातला बैल मैदानात शिरला, पंचांसकट सगळे पळाले, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. "मी उठले की आपला गडी बाद व्हतो," असं त्या ठासून सांगत आणि सगळं गाव ते मानत होतं. संघाचा कप्तान कल्याण त्यांचाच मुलगा, त्यामुळे बोलायची सोयही नव्हती.

यंदाच्या कबड्डी लीगमध्ये आठ गावं होती आणि चौदा रविवार. बोरसावंगीने पहिले दहा सामने ओळीने जिंकले. गाव इतकं चढून गेलं, की चषक ठेवायला ग्रामपंचायतीतलं एक कपाट रिकामं करून पुसून ठेवलं. आणि मग माशी शिंकली. अकरावा सामना गेला, बारावा गेला, तेरावा तर असा गेला की माणसं मैदानातून तोंड लपवून निघाली. निमखेडाही दहा विजयांवर येऊन बसला. चौदावा सामना त्यांच्याशीच होता आणि त्यात जिंकेल त्याचा चषक.

हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांइतकं चिडकं माणूस जगात नसतं. आदल्या महिन्यात ज्या पोरांना खांद्यावर घेतलं, त्यांच्या खाण्यापिण्यावर, झोपेवर, मोबाइलवर गाव तुटून पडलं. पंचांना शिव्या देऊन झाल्या, मैदानाच्या मातीला देऊन झाल्या. खापर फोडायला एक डोकं हवं होतं आणि ते सगुणाबाईंनीच दिलं. दहाव्या आणि अकराव्या सामन्याच्या मधल्या आठवड्यात कल्याणचं लग्न झालं होतं. बारावा सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर, रागाच्या भरात, बाई बोलून गेल्या, "सून आली अन् पोराचं ध्यान उडालं. पायगुन म्हनावा का काय!"

पीठ घरी पोचायच्या आत ती गोष्ट गावभर झाली. तेराव्या सामन्याला कल्याणची बायको अक्षता पायऱ्यांवर येऊन बसली, तर आजूबाजूच्या बायका सरकून बसल्या. संघ हरला तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं. ते सगुणाबाईंनीही पाहिलं. पण बोललेलं परत कसं घेणार? त्या गप्प बसल्या, आणि ते गप्प बसणंच त्यांना आठवडाभर खात राहिलं.

चौदाव्या रविवारी सकाळी संघाचा व्यवस्थापक सर्जेराव दारात आला. चप्पलही न काढता म्हणाला, "वयनी, आज सूनबाईला घरीच राहू द्या. गावाचा सवाल हे."

अक्षता चुलीपाशी होती. तिने ऐकलं, पण मान वर केली नाही. सर्जेराव गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, मी घरीच राह्यते. पन एक सांगून ठेवते. आज तुमी जिंकल्या, तर मी मंठ्याला माहेरी जाते अन् परत येत न्हाई."

"असं काय बोलून राह्यली?"

"मंग काय बोलू? मी घरी अन् संघ जिंकला, म्हंजे ठरलंच ना. उद्या कुनाची म्हैस मेली तरी मीच, कुनाचं लेकरू आजारी पडलं तरी मीच. जल्मभर न्हाई जमायचं मला ते."

टेम्पोत बसताना नेहमीसारखी गणपतीला हाक मारायला सगुणाबाईंनी हात जोडले आणि मागायचं काय, तेच त्यांना कळेना.

सामना सुरू झाला आणि बोरसावंगीची पोरं पहिल्या दहा सामन्यांसारखी खेळायला लागली. पकडीवर पकडी पडल्या. मध्यंतराला एकवीस-बारा अशी पाटी लागली. लोक नाचत होते, आणि सर्जेराव दोन्ही हात वर करून ओरडत होता, "पाह्यलं का? घरी ठेवली अन् कसं बराबर चाललं!" बायका हसल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

सगुणाबाईंचं तोंड कडू झालं. सतरा वर्षं त्या या संघासाठी घसा फोडत आल्या होत्या, आणि आज आपलाच संघ पुढे असताना त्यांना रडू येत होतं. त्यांनी पदराआड फोन लावला.

"अक्षता, रिक्षा धर अन् जल्दी इकडं ये."

"पुढं हाव ना आपन? फोनातून गलका ऐकू येऊन राह्यला. मी आले अन् हारलो तर?"

"तर मी हे. तू ये."

फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण जे बोललो ते कसं निभवायचं हे आपल्यालाच ठाऊक नाही. सहा किलोमीटर. रिक्षा मिळाली तर पंधरा मिनिटं.

उत्तरार्ध सुरू झाला आणि जुनं दुखणं उलटलं. कल्याण चढाईला जायचा आणि रिकाम्या हाताने यायचा. दुसऱ्यांदा गेला तो पकडला गेला. तिसऱ्यांदाही. तेवीस-सोळा, तेवीस-एकोणीस, चोवीस-बावीस. पायऱ्यांवरचा नाच थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, "कल्या, घरी जाय! झोप घरी जाऊन!" सगुणाबाईंनी वळून पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे कधी पाटीवर तर कधी शाळेच्या फाटकावर जात होते. पोरगा डावीकडे वळतच नाही, एवढं त्यांना दिसलं. भेदरलाय, असं वाटून त्यांनी ते सोडून दिलं.

तीन मिनिटं उरली असताना फाटकाशी रिक्षा थांबली. पाटीवर सत्तावीस-सत्तावीस होते. अक्षता उतरली आणि पायऱ्यांवर कुजबुज पसरली. सर्जेराव उड्या मारत तिच्यापुढे आडवा गेला. "कुठं चालली? फाटकाच्या बाहीर थांब! बिलकुल आत यायचं न्हाई!"

तेवढ्यात निमखेड्याच्या गड्याने एक गुण नेला. सत्तावीस-अठ्ठावीस. वेळ संपत आली होती, आणि शेवटच्या चढाईसाठी कल्याण मध्यरेषेकडे निघाला.

आणि सगुणाबाई उठल्या.

सावकाश, सगळ्यांना दिसेल अशा उठल्या. पदर सावरला, तीन पायऱ्या उतरल्या, आणि मैदानाच्या कडेकडेने सगळ्या बोरसावंगीसमोरून चालत फाटकापाशी गेल्या. लोक आ वासून बघत राहिले. "वयनी, बसा! बसा हो खाली! शेवटची चढाई हे!" असा एकच गलका झाला. बाईंनी सर्जेरावाला बाजूला केलं, सुनेचं मनगट धरलं, तिला त्याच रस्त्याने आणलं आणि आपल्या जागेवर बसवलं. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. जिंकलो तर ही या जागेवर बसलेली असेल. हरलो तर मी उठलेली असेन. एवढाच हिशेब त्यांना जमला होता.

कल्याण आत शिरला. उजवीकडे गेला, हात मारला, चुकला. कोपऱ्यातला गडी पुढे आला तेव्हा डावीकडे वळला असता तर सुटला असता, पण वळला नाही. त्याचा घोटा धरला गेला आणि पाच जण त्याच्यावर पडले. शिट्टी वाजली.

निमखेड्याची माणसं मैदानात धावली. इकडे सर्जेराव लालबुंद होऊन पायऱ्यांकडे आला आणि त्याच्यामागे चाळीस-पन्नास माणसं आली. अक्षताने खाली बघितलं.

"कुनी बोलावलं हिला? चांगलं चालल्तं आमचं!"

"ए सर्जेराव!" सगुणाबाईंचा आवाज मैदानाच्या पलीकडे गेला. "हिच्याकडं कशाला पाहून राह्यला? उठलं कोन? मी उठले! सतरा वर्षात उठले नव्हते, आज उठले. बैलाला उठले नव्हते मी. मीच हरवलं तुमाला. अन् पायगुनाचं ते बोलनं गिरनीवर मीच काढल्तं. खोटं होतं. रागात बोलले."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. "खरंच की," कुणीतरी म्हणालं. "शेवटच्या चढाईला उठल्या." "मी वरडत होतो, बसा म्हनून." राग जागचा हलला, आणि हलला तो थेट बाईंच्या अंगावर आला. गेल्या रविवारी सुनेपासून सरकलेल्या बायका आता सासूपासून सरकल्या.

सर्जेरावाने मान हलवली. "वयनी, लई वाईट केलं तुमी. पुढच्या साली मैदानात येऊ नका."

सगुणाबाईंनी झेंड्याच्या खांबाकडे पाहिलं. त्या तिसऱ्या पायरीवर त्यांचे सतरा वर्षांतले रविवार गेले होते. "न्हाई येनार," त्या म्हणाल्या.

टेम्पोत बाईंना कुणी जागा दिली नाही. अक्षताला मात्र हाक मारली, पण ती चढली नाही. दोघी चालत निघाल्या. भोकरदन दूर राहिलं, मोसंबीच्या बागा लागल्या. तेव्हा अक्षता म्हणाली, "तुमी उठल्या म्हनून न्हाई हारलो आपन."

"म्हाईत हे मला. पन लोकाला कशावर तरी इस्वास ठेवायचा असतो."

"तसं न्हाई, आत्याबाई." ती थांबली. "त्याह्यचा डावा गुडघा गेला. दहाव्या सामन्यातच, लग्नाच्या आधी. रोज तेल लावून पट्टी बांधून देते मी. गावाला कळलं तर कप्तानी जाईल म्हनून शपथ घातली मला. कुनाला सांगायचं न्हाई, तुमाला तर बिलकुल न्हाई."

सगुणाबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. घरात महिनाभर येणारा तेलाचा वास त्यांना आठवला. नव्या नवरीच्या खोलीतलं काय विचारायचं, म्हणून नाक मुरडून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

"अन् लोकं तुला बोलून राह्यले, तरी तू गप?"

"शपथ होती," अक्षता म्हणाली. "अन् तुमीच म्हनल्या होत्या पायगुन. मंग कुनाला सांगू?"

मागून मोटारसायकलचा आवाज आला. कल्याण होता. ओढ्यावरच्या पुलाजवळ, दोघींपाशी त्याने गाडी थांबवली. उतरताना डावा पाय त्याने हाताने उचलून घेतला, आणि आज तो सगुणाबाईंना पहिल्यांदा दिसला.

"आई, तू काहून उठली?" त्याचा आवाज रडवेला होता. "तू बसलेली दिसली न्हाई, अन् माझा धीरच गेला."

"पुलाच्या कठड्यावर बस," त्या म्हणाल्या. "गुडघा दाखव."

त्याने बायकोकडे पाहिलं. मग मुकाट्याने बसला आणि पॅन्ट वर केली. गुडघा सुजून टम्म झाला होता, पट्टीच्या कडा मांसात रुतल्या होत्या. सगुणाबाई त्याच्यापुढे मातीत बसल्या. हात लावायला गेल्या आणि हात मागे घेतला.

"चौदा रविवार," त्या म्हणाल्या, "चौदा रविवार मी निस्ती गुनांची पाटी पाह्यली."

अक्षता त्यांच्या शेजारी खाली बसली आणि पट्टीची गाठ सोडायला लागली.